घाणा, डबा आणि पेशीपटल

तेलाच्या किटलीच्या तोंडाशी काही आठवड्यांत पिवळट चिकट थर धरतो. साध्या पाण्याने तो निघत नाही. नखाने खरवडला तर रबरासारखा ताणला जातो. हा थर मळाचा नसतो, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तेलच घट्ट झालेले असते. शेंगदाणे किंवा सुके खोबरे खवट लागते, ती याच बदलाची सुरुवात. माणसाच्या प्रत्येक पेशीला वेढणारे पटलही मुख्यतः मेदाचे असते आणि हाच बदल तिथेही घडू शकतो. बियांत काय आणि पेशीपटलात काय, त्याला अटकाव करणाऱ्या पदार्थांत ई जीवनसत्त्वाचे स्थान सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यामुळे एखाद्या गावाने कोणती तेले खाल्ली, ती कशी काढली आणि कशी साठवली, हा तिथल्या माणसांच्या पेशीपटलांचाही इतिहास ठरतो. वडोदऱ्याच्या दक्षिण भागात, मकरपुरा औद्योगिक वसाहतीच्या शेजारी असलेल्या तरसालीत आणि एकूणच या शहरातल्या मराठी घरांत हा इतिहास विशेष उठून दिसतो, कारण दख्खनची, कोकणची आणि गुजरातची तेले इथे एकाच फळीवर येऊन बसली.

मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. तिच्यात एकही दुहेरी बंध नसेल तर ते मेदाम्ल संतृप्त. तूप आणि खोबरेल यांत अशी मेदाम्ले जास्त असतात. एकच दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल शेंगतेलात भरपूर असते. दोन बंधांचे लिनोलेइक आम्ल करडई, सूर्यफूल आणि कारळे यांच्या तेलात मुख्य असते आणि तीन बंधांचे लिनोलेनिक आम्ल जवसात सर्वाधिक. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. उष्णता, उजेड, लोखंड किंवा तांब्याचा अंश यांमुळे तो एकदा निघाला की त्या जागी ऑक्सिजन चिकटतो आणि एक अस्थिर मूलक तयार होतो. हा मूलक शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढून घेतो, मग ते मेदाम्ल पुढच्याचा. अशी साखळी चालू राहते आणि एका सुरुवातीपासून अनेक रेणू बिघडतात. दुहेरी बंध जितके जास्त, तितकी ही साखळी वेगाने धावते. म्हणून जवसाचे तेल काही आठवड्यांत खवट होते आणि खोबरेल वर्षभर टिकते.

टिकाऊपणाच महत्त्वाचा असता तर शरीराने संतृप्त मेदावरच काम चालवले असते. पण पटल लवचिक राहायचे, त्यातल्या प्रथिनांना हालचाल करता यायची, तर दुहेरी बंध असलेली मेदाम्ले हवीतच. लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही दोन आम्ले माणसाचे शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती आहारातूनच यावी लागतात. जी मेदाम्ले सर्वांत आवश्यक, तीच सर्वांत नाजूक, हा या विषयाच्या मुळाशी असलेला पेच आहे.

अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर मराठी घराणी वडोदऱ्यात आली आणि दांडिया बाजार, रावपुरा या भागांत स्थिरावली. ती आपापल्या मुलखाच्या सवयी घेऊन आली. देशावरच्या माणसाला करडईचे आणि तिळाचे तेल माहीत, कोकणातल्याला खोबरेल, विदर्भातल्याला जवस. बडोदा संस्थानाचा मुलूख मात्र वेगळा होता. खुद्द वडोदऱ्याच्या दक्षिणेचा कानम हा काळ्या मातीचा कापसाचा पट्टा. उत्तरेकडच्या कडी प्रांतात एरंडी. सौराष्ट्रातल्या अमरेली प्रांतात विसाव्या शतकात भुईमुगाने पाय पसरले. कापसाबरोबर सरकीचे ढीग निघत, पण सरकीत गॉसिपॉल हे कडवट, अपायकारक द्रव्य असल्याने घाण्याचे कच्चे तेल खाण्याजोगे नसे. सरकी गुरांपुढे जाई. ती स्वयंपाकघरात आली ती शुद्धीकरणाचे कारखाने आल्यावर.

घाण्याचे तंत्र साधे होते. लाकडाचे किंवा दगडाचे उखळ, त्यात फिरणारी लाट आणि ती ओढणारा बैल. एका घाणीत काही किलो तीळ किंवा शेंगदाणे पडत आणि तास-दीड तासाने तेल निथळू लागे. पेंडीत बरेच तेल मागे राही, पण ती गुरांच्या पोटात जात असल्याने वाया जात नसे. या धंद्याची सामाजिक घडीही ठरलेली होती. महाराष्ट्रात तेली समाजाचे अनेक पोटभेद होते. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांतले बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या घाणे चालवीत आणि शब्बाथमुळे शनिवारी काम बंद ठेवीत. गाव त्यांना शनवार तेली म्हणे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली सोमवार तेली म्हणून ओळखले जात. मराठी बोलणाऱ्या या ज्यू समाजातले बहुतेक लोक पुढे इस्रायलला गेले.

घाण्याच्या तेलाचे एक लक्षण आजच्या शास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते: ते थोडे थोडे काढले जाई आणि लवकर संपे. घरात आठ-पंधरा दिवसांपुरते तेल येई, तेही बुधलीत किंवा चिनी मातीच्या बरणीत, उजेडापासून दूर. बीमध्ये तेलाबरोबरच ई जीवनसत्त्वही असते, कारण झाडाला आपल्या बीतला मेद उगवेपर्यंत टिकवायचा असतो. घाण्यात तापमान फार वाढत नाही, त्यामुळे हे जीवनसत्त्व बरेचसे तेलासोबत उतरे. कारळ्याची आणि जवसाची चटणीही अशीच थोडी थोडी, भाजून, लागेल तशी कुटण्याची पद्धत होती. या नाजूक तेलांचा साठा करायचा नसतो, हे अनुभवाने ठरलेले होते.

करडईच्या तेलाचा एक जुना उपयोग तर थेट ऑक्सिडीकरणावरच उभा होता. हे तेल खूप वेळ तापवले की काळपट, चिकट, पाणी न शोषणारे रोगण तयार होई. मोटेचे चामडे आणि विहिरीचे दोर पाण्यात कुजू नयेत म्हणून अशा जळक्या तेलाचा हात दिला जाई. जवसाचे तेलही त्याच गुणामुळे रंगात आणि वार्निशात गेले. लिनोलेइक आणि लिनोलेनिक आम्ले ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडली जातात आणि कडक पापुद्रा बनतो. शेतकऱ्याला हे रसायनशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण कोणते तेल हवेत घट्ट होते आणि कोणते होत नाही, हे त्याने नेमके हेरलेले होते.

या निरीक्षणांमागचे कारण प्रयोगशाळेत सापडायला विसावे शतक उजाडले. १९२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन स्कॉट बिशप यांना दिसले की डुकराच्या खवट चरबीवर वाढवलेल्या उंदरांच्या माद्यांना गर्भ राहतो, पण टिकत नाही. पालेभाजी किंवा गव्हाचे अंकुर दिले की गर्भ टिकतो. अंकुरांतल्या या अज्ञात द्रव्याला ई जीवनसत्त्व म्हटले गेले. १९३६ मध्ये इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी ते गव्हाच्या अंकुरतेलातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले, टोकोफेरॉल हे नाव रूढ झाले आणि १९३८ मध्ये एर्हार्ड फर्नहोल्झ यांनी त्याची रचना निश्चित केली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये पॉल कारर यांनी ते कृत्रिमरीत्या बनवले. आरंभी सगळे लक्ष प्रजननावर होते. ऑलकॉट आणि मॅटिल यांनी १९३१ मध्ये दाखवले की वनस्पतितेलांतला, साबण न बनणारा एक अंश मेदाचे ऑक्सिडीकरण रोखतो आणि त्यातच ई जीवनसत्त्व आहे. तेल टिकवणारे आणि गर्भ टिकवणारे द्रव्य एकच असल्याची शक्यता इथून पुढे आली.

पेशीपटलात हे द्रव्य कसे काम करते, याचे चित्र पुढच्या पन्नास वर्षांत स्पष्ट झाले. पटल म्हणजे फॉस्फोलिपिड रेणूंचा दुहेरी थर. रेणूंची शेपटे आत, तोंडे बाहेर. टोकोफेरॉलचा रेणूही तसाच बसतो: लांब शेपूट मेदात रुतलेले आणि काम करणारे वलय पटलाच्या पृष्ठभागाजवळ. मेदाम्लाचा मूलक जवळ आला की टोकोफेरॉल आपला हायड्रोजन त्याला देतो. शेजारच्या मेदाम्लापेक्षा तो हे कितीतरी पटींनी वेगाने करतो, म्हणून साखळी तिथेच तुटते. टोकोफेरॉल स्वतः मूलक बनतो खरा, पण तो बराच शांत असतो आणि पृष्ठभागावर आलेले क जीवनसत्त्व त्याला पुन्हा पूर्ववत करते. ई आणि क यांची ही देवाणघेवाण १९७९ मध्ये पॅकर, स्लेटर आणि विल्सन यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवली. म्हणूनच पटलात हजारेक मेदाम्लांमागे ई जीवनसत्त्वाचा एखादाच रेणू असूनही काम भागते. जे पेरॉक्साइड तरीही तयार होतात, त्यांची विल्हेवाट ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज हे सेलेनियमयुक्त विकर लावते. ही राखणदारी कोलमडली आणि पेशीत मोकळे लोह असले, तर पटलाचा मेद भराभर बिघडून पेशी मरते. अशा मरणाला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे नाव मिळाले आणि ते थोपवणाऱ्या द्रव्यांत ई जीवनसत्त्व आहे.

ई जीवनसत्त्वाचे पहिले शोध प्रयोगशाळेत लागत असताना भारतीय स्वयंपाकघरात एका अगदी उलट्या युक्तीने खवटपणावर मात होत होती. १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मान यांनी द्रव तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन भरून ते गोठवण्याचे पेटंट घेतले. दुहेरी बंधच भरून टाकायचे, म्हणजे ऑक्सिजनला शिरायला जागाच राहत नाही. प्रथम हॉलंडहून आयात होणारे हे वनस्पती तूप लवकरच मुंबईत बनू लागले. हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा शिवडीचा कारखाना १९३२ मध्ये सुरू झाला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. पिवळ्या डब्यावरचे ताडाचे झाड मराठी घरांत पोचले, लग्नाच्या पंगतीत गेले आणि रिकामा डबा तुळशीपासून रॉकेलपर्यंत सगळ्याला कामी आला.

वनस्पती तूप टिकत होते, स्वस्त होते आणि साजूक तुपासारखे दिसत होते. भेसळ होणे अटळ होते. म्हणून सरकारने प्रत्येक वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले, कारण बोदूँ चाचणीत तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो आणि तुपातली भेसळ उघडी पडते. योगायोग असा की तिळाच्या तेलात सेसॅमोलसारखी स्वतंत्र ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये असतात, त्यामुळे भेसळ पकडण्यासाठी घातलेले तेल टिकाऊपणालाही हातभार लावत असणार. गांधीजींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीला विरोध केला. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने त्याला दुसरे उत्तर शोधले. जव्हेरभाई पटेल यांनी घाण्याची रचना सुधारून त्याच बैलाच्या बळावर जास्त बी, जास्त तेल आणि कमी वेळ हे गणित बसवले. वर्धा घाणी म्हणून ती देशभर गेली. ताज्या तेलाच्या बाजूने लढलेली ही लढाई पोषणशास्त्राच्या इतिहासात जितकी मोजायला हवी तितकी मोजली जात नाही. पण कारखान्यांपुढे ती टिकली नाही. वनस्पतीचा खरा दोष नंतर कळला. हायड्रोजन भरताना काही दुहेरी बंध न भरता फक्त उलटे वळतात आणि ट्रान्स मेदाम्ले तयार होतात. ती रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवतात. भारतात ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणत २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आणली गेली.

वनस्पतीच्या भरभराटीच्या काळातच अमेरिकेत एक प्रयोग चालला होता, ज्याने ई जीवनसत्त्वाची गरज मोजण्याची रीतच बदलली. इलिनॉय राज्यातल्या एल्गिनच्या सरकारी मनोरुग्णालयात मॅक्स हॉर्विट यांनी १९५३ पासून काही पुरुषांना वर्षानुवर्षे कमी ई जीवनसत्त्वाचा आहार दिला. मनोरुग्णांवर असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही आणि त्यातून मिळालेले ज्ञान वापरताना ही बाब नजरेआड करता येत नाही. रक्तातले टोकोफेरॉल हळूहळू उतरत गेले. काढलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवल्या की फुटू लागल्या. आहारात मक्याचे तेल, म्हणजे लिनोलेइक आम्ल, वाढवले तेव्हा ही फुटण्याची प्रवृत्ती वाढली आणि ती थांबवायला अधिक टोकोफेरॉल लागले. खाल्लेले मेदाम्ल पेशीपटलात जाऊन बसते, पटल जास्त नाजूक होते आणि त्याला जास्त राखण लागते, हे माणसांत दिसले.

यातून निघालेला नियम फार मोलाचा आहे: ई जीवनसत्त्वाची गरज एकट्याने सांगता येत नाही, सोबत कोणता मेद खाल्ला, हे विचारावे लागते. १९६३ मध्ये हॅरिस आणि एम्ब्री यांनी दर ग्रॅम बहुअसंतृप्त (एकाहून अधिक दुहेरी बंधांच्या) मेदाम्लामागे ०.६ मिलिग्रॅम टोकोफेरॉल हे प्रमाण सुचवले. १९६७ मध्ये ऑस्की आणि बार्नेस यांना मुदतीपूर्वी जन्मलेल्या अर्भकांत ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे तांबड्या पेशी फुटून होणारा रक्तक्षय आढळला. बाळांच्या दुधाच्या भुकटीत बहुअसंतृप्त तेल जास्त आणि वरून लोह दिलेले असले की तो बळावत होता. एल्गिनमध्ये जे परीक्षानळीत दिसले, ते इथे आजार म्हणून समोर आले आणि भुकटीतले प्रमाण सुधारण्यात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही हीच रीत स्वीकारली: दर ग्रॅम आवश्यक मेदाम्लामागे ०.८ मिलिग्रॅम अल्फा टोकोफेरॉल, म्हणजे प्रौढाला दिवसाला साधारण ८ ते १० मिलिग्रॅम. अमेरिकेने २००० मध्ये १५ मिलिग्रॅमचा आकडा ठरवला, तोही हॉर्विट यांच्या जुन्या रक्तचाचण्यांवर.

वडोदऱ्यात या शास्त्राचे शिक्षण स्वातंत्र्यानंतर लगेच उभे राहिले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसा मेहता कुलगुरू झाल्या आणि गृहविज्ञान विद्याशाखेत अन्न व पोषण हा विषय विद्यापीठाच्या पातळीवर शिकवला जाऊ लागला. १९५५ मध्ये सी. व्ही. रामकृष्णन यांनी जीवरसायन विभाग उभारला. त्यांच्या पत्नी आर. राजलक्ष्मी यांनी इथेच स्वस्तातल्या, स्थानिक धान्य-भाज्यांच्या आहारावर मोठे काम केले. पालेभाज्या, डाळी आणि दाणे यांचा सकस, परवडणारा मेळ घालण्यावरचा त्यांचा भर ई जीवनसत्त्वाच्या दृष्टीनेही योग्यच होता, कारण हे जीवनसत्त्व एकट्या तेलातून येत नाही.

१९६० च्या दशकापासून कोयलीची रिफायनरी, मग पेट्रोकेमिकल्स आणि मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत यांमुळे महाराष्ट्रातून नोकरदारांची नवी लाट वडोदऱ्यात आली. तरसाली आणि आसपासच्या सोसायट्यांत वसलेल्या या घरांनी शेजारच्या गुजराती घरांची एक रीत उचलली: हंगामात सिंगतेलाचे, म्हणजे शेंगतेलाचे, पंधरा किलोंचे डबे भरून ठेवायचे. पंधरवड्याचे तेल वर्षाचे झाले. शेंगतेलात ओलेइक आम्ल जास्त असल्याने ते हा साठा सहन करते. करडईचे तेल करू शकत नाही. सौराष्ट्राचे भाव चढले की कपासिया, म्हणजे शुद्ध केलेले सरकीचे तेल, त्याची जागा घेई. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तेलबियांच्या सहकारी योजना उभारल्या आणि १९८८ मध्ये धारा हे तेल बाजारात आणले. तेव्हापासून बंद पाकीट हा मध्यमवर्गाचा नेम झाला.

करडईचे भाग्य याच काळात महाराष्ट्रात उजळले. सोलापूर, मराठवाडा या कोरडवाहू पट्ट्यांत ज्वारीच्या शेताला काटेरी करडईची कड लावण्याची जुनी पद्धत होती. जनावर आत शिरत नसे. सोलापूरच्या संशोधन केंद्राचा भीमा वाण लोकप्रिय झाला. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांच्या जाती आणि संकरित वाण दिले. बहुअसंतृप्त तेल कोलेस्टेरॉल उतरवते हे अमेरिकी संशोधन गाजू लागल्यावर बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजने सफोला हे करडईचे तेल हृदयासाठी चांगले म्हणून विकायला सुरुवात केली. मोटेला चोपडले जाणारे तेल डॉक्टरांच्या शिफारशीचे झाले.

कोलेस्टेरॉल उतरले हे खरे, पण गोष्ट तिथे संपली नाही. ऑस्ट्रेलियात १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला संतृप्त मेदाऐवजी करडईचे तेल आणि त्याचेच मार्गरीन देण्यात आले होते. त्या सिडनी अभ्यासाची जुनी माहिती शोधून २०१३ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा करडई गटात कोलेस्टेरॉल कमी होऊनही मृत्यू जास्त आढळले. लिनोलेइक आम्लाचे ऑक्सिडीकरण हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून मांडले गेले. इतर अनेक पाहण्यांत लिनोलेइक आम्ल खाणाऱ्यांत हृदयविकार कमीच दिसतो, त्यामुळे करडईला दोषी ठरवणे घाईचे होईल. मात्र एकाच प्रकारचे मेदाम्ल भरमसाट खाणे म्हणजे आरोग्य, ही समजूत या अभ्यासाने हलवली आणि ते बरेच झाले.

आता आकडे पाहिले की चित्र नेमके होते. शंभर ग्रॅम करडई तेलात अल्फा टोकोफेरॉल सुमारे ३४ मिलिग्रॅम आणि बहुअसंतृप्त मेदाम्ले सुमारे ७५ ग्रॅम; म्हणजे ग्रॅममागे ०.४५ मिलिग्रॅम. शेंगतेलात हे आकडे १६ आणि ३२, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. सरकीत ३५ आणि ५२, म्हणजे जवळपास ०.७. सोयाबीनमध्ये ८ आणि ५८, म्हणजे जेमतेम ०.१४. पामतेलात १६ आणि १०, म्हणजे दीड मिलिग्रॅमच्या वर. नुसत्या बेरजेने करडई ई जीवनसत्त्वाची श्रीमंत दिसते, पण तिचा बहुतेक साठा स्वतःच्याच मेदाच्या राखणीत खर्ची पडतो आणि हिशेबात ती शेंगतेलाच्या पुढे जात नाही. सोयाबीनमध्ये टोकोफेरॉल कमी नसते. पण ते बरेचसे गॅमा प्रकारचे असते आणि यकृतातले एक प्रथिन रक्तात पाठवण्यासाठी अल्फा प्रकारच निवडून घेते. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असलेल्या माणसांना आहार पुरेसा असूनही तोल जाणे, हातापायांवरचा ताबा सुटणे असे मज्जाविकार होतात. पामतेलाचे प्रमाण उत्तम, पण त्यातला जवळपास निम्मा मेद संतृप्त. तेव्हा हे एकच प्रमाण पाहून तेल निवडता येत नाही. पामतेल वगळता यांतले एकही तेल परिषदेच्या ०.८ च्या मापाला पुरे पडत नाही. उरलेले हिरव्या भाज्या, दाणे आणि धान्यांतूनच यायचे असते.

१९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाल्यावर ही सगळी मांडणी पालटली. देशात खाल्ल्या जाणाऱ्या तेलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा बाहेरून येऊ लागला आणि त्यात पाम, सोयाबीन, सूर्यफूल पुढे राहिले. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पसरले, करडईचे क्षेत्र आटत गेले. शुद्धीकरणातही नवा घोळ होता. शेवटच्या टप्प्यात वास काढण्यासाठी निर्वात भांड्यात दोनशे अंशांहून अधिक तापमानाला तेलातून वाफ सोडतात. तिच्याबरोबर टोकोफेरॉलचाही काही भाग उडून जातो. ती वाफ थंड करून मिळणारा गाळ कारखान्यात वाया जात नाही. जगातले बरेचसे नैसर्गिक ई जीवनसत्त्व सोयाबीनच्या याच गाळातून काढून कॅप्सूलमध्ये भरले जाते. तेलात मग टिकाऊपणासाठी टीबीएचक्यूसारखे कृत्रिम द्रव्य घालायला परवानगी आहे.

कॅप्सूलने मात्र अपेक्षा पूर्ण केली नाही. फिनलंडच्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत १९९४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगापासून, तर हृदयरुग्णांच्या होप अभ्यासात २००० मध्ये हृदयविकारापासून ई जीवनसत्त्वाच्या गोळीने संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. अमेरिकेतल्या सिलेक्ट अभ्यासात तर रोज ४०० एकक घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. पटलातली राखण ई, क, सेलेनियम आणि विकरे मिळून करतात. त्यातले एकच द्रव्य दसपट वाढवून पटल दसपट सुरक्षित होत नाही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि गुजरातेत लाकडी घाण्याची दुकाने पुन्हा उघडली आहेत. लाट आता बैलाऐवजी विजेच्या मोटरवर फिरते. या तेलात टोकोफेरॉल आणि तिळाची रोधक द्रव्ये शाबूत राहतात, हा त्याचा खरा लाभ. पण शुद्धीकरण न झाल्याने बीतला दोषही तसाच उतरतो. ओलसर, बुरशी धरलेल्या शेंगदाण्यातले अफ्लाटॉक्सिन घाण्याच्या तेलात येऊ शकते, म्हणून दाणे निवडलेले आणि वाळलेले हवेत आणि तेल पूर्वीसारखे थोडेच घ्यायला हवे. तळणीची गोष्ट वेगळी. कढईत तेल १८० अंशांच्या आसपास तापते, आधी टोकोफेरॉल संपते आणि मग मेदाम्लांची साखळी मोकळी सुटते. तेल दाट होते, फेसाळते, काळवंडते. शेव, गाठिया, फाफडा तळणाऱ्या दुकानांत दिवसभर हेच चालते. १ जुलै २०१८ पासून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. तिच्यापलीकडे गेलेले तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. ते गोळा करून जैवडिझेलकडे वळवायचे असते.